पुढची तार घट्ट ठेवावी

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रोह्याच्या पुलाखाली, कुंडलिका नदीत, एका कंपनीच्या ऑफिसर्स क्लबची शिडाची बोट चिखलात रुतली. बोटीत दोन अधिकारी होते. कोणालाही इजा झाली नाही. पुढचे शीड अर्धे गुंडाळले गेले होते आणि उरलेले अर्धे गुंडाळले जात नव्हते. काठावर मुख्य पाहुणे, त्यांच्या पत्नी, क्लबचे सभासद आणि रोहे-अष्टमीचे बरेच नागरिक उपस्थित होते.

ही बातमी मी चार ओळींत दिली. त्या काळात मी पेणला राहून एका दैनिकाचे जिल्ह्याचे पान पाहत असे. पेणमध्ये एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच दिसू लागले होते, ती वर्षे. बातमीत कारण 'तांत्रिक बिघाड' असे दिले होते. कारण माहीत नसले की बातमीदार हे दोन शब्द लिहितो, आणि त्या दिवशी मला ते खरोखरच माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले. बिघाड माझ्या घरी, माझ्या हस्ताक्षरात झाला होता.

बोट चौदा फुटी, फायबरची, दोघांपुरती होती. मुंबईच्या एका क्लबाने ती काढून टाकली आणि रोह्याच्या क्लबाने ती मिळवली. मिळवणारे सेक्रेटरी कंपनीत खरेदी खात्याचे प्रमुख होते. त्यांना बोट चालवता येत नव्हती, पण मुंबईच्या क्लबात त्यांनी ती चालताना पाहिली होती, चहा घेता घेता, आणि तेवढे पुरेसे आहे असे त्यांचे मत होते. कुंडलिकेत पिढ्यान् पिढ्या होड्या हाकणारी माणसे क्लबपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती. ती सभासद नसल्याने त्यांना विचारण्याचा प्रश्न आला नाही.

बोटीची दुरुस्ती माझ्या आतेभावाकडे आली. तो पेणजवळच्या गडब गावचा, कंपनीत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर फिटर. रोज एसटीने गडबहून रोह्याला जायचा. दर काही महिन्यांनी कंत्राटदार त्याला चार दिवस घरी बसवायचा आणि पाचव्या दिवशी नवा म्हणून घ्यायचा. अशा रीतीने आठ वर्षे काम करून कागदोपत्री तो कायम नवशिका राहिला होता. त्या वर्षी कंत्राटी कामगारांतली काही नावे कायम करण्याची यादी निघणार होती. सेक्रेटरींनी त्याला कँटीनच्या दारात थांबवून सांगितले, "पाहुण्यांसमोर पुढचं शीड गुंडाळलं गेलं पाहिजे. गेलं, की तुझं नाव यादीत."

हे लेखी नव्हते. अशा गोष्टी नसतात. आतेभावाने घरी सांगितले तेव्हा आत्याला ते पटले नाही. ती म्हणाली, "शीड गुंडाळून मानूस पर्मनंट होतो, असं कुठं लिवलंय काय?" लिहिलेले नव्हते, हेच तर खरे होते.

बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, झेरॉक्सची झेरॉक्स. तिची पाने भिजून एकमेकांना चिकटलेली होती. आतेभाऊ ती घेऊन पेणला माझ्याकडे आला. आमच्या नात्यात इंग्रजी वाचून पोट भरणारा मी एकटा, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपासून कोर्टाच्या समन्सपर्यंत सगळे माझ्याकडे येत असे. त्याने सांगितले, "दादा, मला फक्त पुढच्या शिडाचं मराठीत करून दे. बाकीचं मी खोलून बघतो."

त्या शिडाची रचना सांगणे आवश्यक आहे. पुढचे शीड तिकोनी असते आणि त्याच्या पुढच्या कडेत पोलादी तार शिवलेली असते. तारेच्या खालच्या टोकाला एक रीळ, वरच्या टोकाला एक फिरकी. रिळावर दोरी गुंडाळलेली असते. दोरी ओढली की रीळ फिरते, रिळाबरोबर तार फिरते आणि शीड चटईसारखे स्वतःभोवती गुंडाळले जाते. हे व्हायला ती तार ताठ हवी. ती ढिली असली तर खालचे टोक फिरते, वरचे फिरत नाही, मधल्या मधे पीळ पडतो आणि शीड अडकते.

याशिवाय बोटीला आणखी तीन तारा असतात. दोन डोलकाठीच्या दोन बाजूंना आणि एक पुढे, नाकापर्यंत. शीड खाली असते तेव्हा ही पुढची तार डोलकाठी धरून ठेवते. शीड ताणून चढवले की काठीचा भार शिडाच्या आतल्या तारेवर जातो आणि पुढची तार मोकळी पडते. ती लोंबू लागली, की ताण बरोबर बसला असे समजायचे. पुस्तिकेत सहाव्या कलमात हे स्वच्छ लिहिले होते.

मी ते वाचले आणि दुरुस्त केले.

यात इंग्रजीचा दोष नव्हता. वाक्य मला नीट कळले होते. पण बारा वर्षे मी वार्ताहरांच्या बातम्या तपासत होतो. एकाने कळवले होते की धरमतरच्या खाडीचे पाणी डोंगर चढून गावात आले. दुसऱ्याने एकाच माणसाची दोनदा अंत्ययात्रा काढली होती. न पटणारे वाक्य दिसले की लिहिणाऱ्याला न विचारता ते पटण्याजोगे करायचे, हे माझे रोजचे काम होते आणि त्याबद्दल मला पगार मिळत होता. सैल तारेच्या जोरावर डोलकाठी उभी राहते हे मला पटले नाही. म्हणून मराठीत मी लिहिले: पुढची तार घट्ट ठेवावी. अकरा कलमे, सुवाच्य अक्षर, कडेला समास सोडलेला. खाली तारीखही घातली.

चार दिवसांनी दुपारी त्याचा फोन कचेरीत आला. रोह्याच्या बूथवरून बोलत होता. त्याने विचारले, "दादा, पुढची तार घट्ट केली की शिडाची तार ढिली पडते. दोन्ही एकाच वेळेला ताठ होत नाय. कागदात असंच हाय का?"

माझ्यासमोर तेव्हा पाणीटंचाईची बातमी होती. मी म्हणालो, "कागदात आहे तसं कर."

"इंग्रजीत पण तसंच?"

"अरे, इंग्रजीतूनच केलंय ना ते."

तो बरं म्हणाला. छापलेल्या आणि लिहिलेल्या गोष्टींवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्याने त्या छापल्या जाताना कधी पाहिल्या नव्हत्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी आणखी एक तज्ज्ञ उपलब्ध झाला. काठावर मांडव घालायला रोह्याचा एक मांडववाला आला होता. दोर ताणणे हा त्याचा धंदा, म्हणून सेक्रेटरींनी त्याला बोटीकडेही नजर टाकायला सांगितले. त्याने बाजूची तार बोटाने वाजवली आणि नापसंती दर्शवली. पाण्याजवळ एवढे ताठ कधी बांधू नये, असे त्याचे म्हणणे पडले. ओल लागली की दोर आखडतो, आणि आधीच ताठ असला तर खांब उपटून काढतो. इतक्या वर्षांत त्याचा एकही मांडव पडला नव्हता. आतेभावाने हा दोर सुती नसून पोलादाची तार आहे, याकडे लक्ष वेधले. मांडववाल्याने त्याच्याकडे दयेने पाहिले. "तार झाली म्हणून काय झालं? ओल ती ओलच ना, भाऊ." सेक्रेटरींनी अनुभवाच्या बाजूने निर्णय दिला. बाजूच्या दोन्ही तारा दोन-दोन आटे सैल करण्यात आल्या.

आता पुढची तार माझ्या सल्ल्याने घट्ट होती आणि बाजूच्या तारा मांडववाल्याच्या सल्ल्याने ढिल्या होत्या. डोलकाठी किंचित पुढे झुकली होती. सेक्रेटरी म्हणाले की त्यामुळे बोटीला वेग आल्यासारखा दिसतो.

कंपनीच्या कॉलनीच्या आवारात, जमिनीवर, वारा नसताना चाचणी झाली. शीड व्यवस्थित गुंडाळले गेले. वारा नसला की कोणतेही शीड गुंडाळले जाते, टेबलक्लॉथसुद्धा. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी भरती साडेदहाला होती. कार्यक्रम दहाला सुरू व्हायचा होता. पाहुणे कंपनीच्या मुंबई कचेरीतले वरिष्ठ अधिकारी, ते सव्वादहाला आले. नारळ फुटला. त्यानंतर सेक्रेटरींचे प्रास्ताविक झाले, ते वीस मिनिटे लांबले. ओहोटीला तसे कळवलेले नव्हते. सेक्रेटरी आणि हिशेब खात्याचे प्रमुख पांढऱ्या कपड्यांत बोटीत बसले तेव्हा पाणी उतरायला लागले होते आणि खाडीकडून वारा वर येत होता. आतेभाऊ काठावर पाण्यात उभा होता. बोटीत फक्त सभासदांना बसता येत असे.

मी वहीत नोंदी करत होतो. बोट मध्यावर गेली, वळली, बऱ्यापैकी सुंदर दिसली. अकराला पाच मिनिटे असताना सेक्रेटरींनी हात वर करून इशारा केला आणि गुंडाळायची दोरी ओढली. शीड खालून गुंडाळले गेले, वरून गेले नाही. वरचा भाग पिशवीसारखा फुगला आणि वाऱ्याला लागला. त्यांनी आणखी जोर लावला. शीड वर चढवायची दोरी पुढच्या तारेभोवती गुरफटली आणि मग काहीच हलेना.

आतेभावाने ओरडून सांगितले, "साहेब, शिडाची दोरी सोडा. शीड खाली पाडा." ते बोटीपर्यंत ऐकू गेले, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण हिशेबप्रमुखांनी मान वळवून पाहिले. पण कार्यक्रमपत्रिकेवर शीड गुंडाळणे असे होते, पाडणे असे नव्हते. सेक्रेटरी ओढत राहिले.

पुलाच्या पायऱ्यांवर दोन कोळणी टोपल्या उतरवून बघत होत्या. एकीने विचारले, "काय गो, ते शीड मिटत का नाय?"

दुसरी म्हणाली, "वरनं सही यायची असंल."

वारा बोटीला एकीकडे रेटत होता, पाणी दुसरीकडे ओढत होते. ती आडवी झाली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी कडेच्या चिखलावर बसली. दोन्ही अधिकारी आत बसून राहिले. उतरायचे तर गुडघाभर चिखल होता. पाहुण्यांनी घड्याळ पाहिले आणि उपाहार कुठे आहे असे विचारले. पाऊण तासाने आतेभाऊ आणि मांडवाचे चार मजूर फळ्या टाकून त्या दोघांना काठावर घेऊन आले. मांडव शेवटपर्यंत उभा होता.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आतेभाऊ रामवाडीजवळच्या माझ्या बिऱ्हाडी आला. त्याच्या खिशात कंत्राटदाराच्या कारकुनाने दिलेला कागद होता. कामातल्या हलगर्जीबद्दल त्याला का काढून टाकू नये, याचा खुलासा तीन दिवसांत लेखी द्यायचा होता. यादीचा विषय आता मागे पडला होता. प्रश्न उद्याच्या कामाचा होता.

खुलासा मी लिहून द्यावा म्हणूनच तो आला असावा असे मला वाटले, आणि मी कागद पुढे ओढला. त्याने पिशवीतून पुस्तिका काढली.

"आधी इंग्रजीतलं सहावं वाच. मराठी नको. ते मला पाठ हाय."

मी वाचले. त्याला कळावे म्हणून मग मराठीत सांगितले: शीड ताणून चढवल्यावर पुढची तार सैल पडेल, आणि तशी पडली की ताण योग्य आहे असे समजावे.

त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाला, "मंग 'घट्ट ठेवावी' कुनी लिवलं?"

"मी."

"का?"

"सैल तारेवर काठी उभी राहील असं मला वाटलं नाही."

"मला पन नाय वाटलं," तो म्हणाला. "म्हनून तर फोन केला."

बायकोने चहा आणला. त्याने कप घेतला आणि पुस्तिकेतली आकृती दिव्याजवळ धरून पाहिली, बोटाने तारांवरून फिरत गेला. त्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा मोकळा झाला असावा. म्हणाला, "म्हंजे बोट बरोबर हाय." आठ दिवस तो असे समजत होता की आपल्याला यंत्र कळत नाही. माझी चूक त्याला त्यापेक्षा किरकोळ वाटत होती.

खुलाशात मी सत्य परिस्थिती लिहिली. सोबत माझे एक पत्र सेक्रेटरींना जोडायचे ठरवले, भाषांतरातली चूक माझी असून फिटरने सूचना तंतोतंत पाळल्या, असे. आतेभावाला पत्र नको होते. साहेबाला वाटेल, हा पेपरवाला भाऊ आणून धाक दाखवतो, असे त्याचे म्हणणे होते. ते वाजवी होते. शेवटी दैनिकाच्या कागदावर न लिहिता साध्या फुलस्केपवर लिहायचे, एवढी सवलत मिळवून मी पत्र लिहिले.

मंगळवारी रोह्याला जाऊन ते मी स्वतः दिले. सेक्रेटरींनी दोनदा वाचले, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवले. त्यांनी मुंबईला अहवाल सोमवारीच पाठवला होता. त्यात वाऱ्याची दिशा अचानक बदलल्याने अपघात झाला असे कारण दिले होते. आता चूक एका पत्रकाराची निघाली तर वाऱ्याचे काय करायचे, अशी त्यांची अडचण होती.

"मुंबईला मी वारा कळवलाय," ते म्हणाले. "आता तो मागे कसा घेऊ?"

मग वाऱ्याने झालेल्या अपघाताबद्दल फिटरला कागद का, असे मी विचारले. ती कंत्राटदाराची बाब आहे, असे ते म्हणाले. कंत्राटदाराला बाब कोणी सांगितली, हे मी विचारले नाही. त्यांनी स्वतःच पुढे सांगितले की पाहुण्यांना मेमध्ये पुन्हा यायचे आहे आणि तेव्हा बोट चालताना पाहायची आहे. पुढच्या रविवारी आतेभावाने शीड गुंडाळून दाखवावे. प्रेक्षक नकोत. मांडवही नको.

त्या रविवारी भरती दुपारी चारनंतर होती. साडेतीनला मी घाटावर पोहोचलो तेव्हा आतेभाऊ काम करत होता. त्याने पुढच्या तारेचा टर्नबकल, म्हणजे ताण कमीजास्त करायचा आट्यांचा स्क्रू, सैल सोडला होता. बाजूच्या दोन्ही तारा तो आळीपाळीने कसत होता, एक आटा इकडे, एक आटा तिकडे, तोंडाने मोजत. पुस्तिकेप्रमाणे ताण मोजायला एक मापक लागतो. खरेदी खात्याने तो अनावश्यक ठरवला होता. त्यामुळे त्याने मशीनचा पट्टा तपासतात तशी तार अंगठ्याने दाबून पाहिली, अंगठ्याच्या जाडीएवढी दबली तेव्हा थांबला. मग शीड चढवून त्याची दोरी तरफेने ओढली. पुढची तार हळूहळू सुटली आणि लोंबू लागली. ती तशी लोंबताना पाहून मला तेव्हाही बरे वाटले नाही.

वारा चांगला होता. बोटीत कोणी बसायचे, हा नियमाचा प्रश्न निघाला. सेक्रेटरींनी विचार करून सांगितले की बोट घाटाला दोराने बांधलेली असेल तर ती पाण्यात आहे असे मानता येणार नाही. आतेभाऊ आत उतरला.

त्याने दोरी ओढली. शीड गुंडाळत आले, वरून खालून एकसारखे, आणि हातभर उरले असताना थांबले. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहिले. वही कोरी होती.

आतेभावाने वर पाहिले नाही, खाली रिळाकडे पाहिले. म्हणाला, "ताण बरोबर हाय. वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळतं, वेढे जास्त लागतात. रिळावर दोरीच कमी हाय, संपली." त्याने शीड उलगडले, रिळावर दोरीचे आणखी सहा वेढे घातले आणि पुन्हा ओढली. या वेळी शीड पुरते गुंडाळले गेले, वर एक वेढा जास्तीचा बसला. वाऱ्यात ते काठीसारखे सरळ उभे राहिले. त्याने ते सोडले, पुन्हा गुंडाळले. तिसऱ्यांदा सेक्रेटरी स्वतः उतरले, एका हाताने दोरी ओढली आणि गुंडाळले गेल्यावर ती थोडा वेळ धरून ठेवली.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारले.

"एवढंच, साहेब," आतेभाऊ म्हणाला.

पुढची तार सैल आहे, ती एवढी घट्ट करून टाक, असे सेक्रेटरींनी जाता जाता सांगितले. आतेभाऊ व्हय म्हणाला आणि टर्नबकलला हात न लावता पाना पिशवीत ठेवला.

त्याच्या खुलाशाला कंत्राटदाराकडून उत्तर आले नाही. कायम होणाऱ्यांची यादी मार्चच्या शेवटच्या शनिवारी गेटवर लागली. यादीत सात नावे होती. पाचवे त्याचे होते. पद, मदतनीस. विभाग, ऑफिसर्स क्लब. सोमवारी सकाळी आठ वाजता तो क्लबमध्ये हजर झाला. त्याच्या फिटरच्या जागी कंत्राटदाराने मंगळवारी दुसरा माणूस घेतला.